रक्तपिशाचांचा दरबार आणि मुखवट्याचा नियम

'लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्लेइंग' किंवा संक्षेपाने 'लार्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात खेळाडू एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका धारण करतो आणि ठरलेल्या वेळेपुरता त्या पात्राप्रमाणेच चालतो, बोलतो, भांडतो व तह करतो. नाटकाप्रमाणे येथे पाठ केलेली संहिता नसते, तसेच प्रेक्षकवर्गही नसतो. जमलेले सर्वच भूमिकेत असतात आणि कथेचा शेवट काय होणार, हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

या खेळाचे जुने प्रकार तलवारी, किल्ले आणि जादूगार यांच्या कथांवर आधारलेले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात १९७७ मध्ये सुरू झालेला 'डॅगोरहिर' हा मऊ वेष्टनाच्या शस्त्रांनी लढण्याचा खेळ आणि ब्रिटनमधील चेशायर परगण्यात पेकफर्टन किल्ल्यावर १९८२ मध्ये सुरू झालेला 'ट्रेझर ट्रॅप' ही त्याची सुरुवातीची उदाहरणे होत. आजच्या शहरात घडणाऱ्या भयकथांवरील शाखा त्यानंतर आली. तिचा सर्वाधिक प्रसार ज्या पुस्तकामुळे झाला, ते 'द मास्करेड' हे नियमपुस्तक १९९३ मध्ये अमेरिकेतील 'व्हाइट वुल्फ' या प्रकाशनसंस्थेने 'माइंड्स आय थिएटर' या मालेत प्रसिद्ध केले.

मध्ययुगीन कथेसाठी चिलखते, जंगल आणि बराच खर्च लागतो. आधुनिक भयकथेस एक काळा कोट आणि भाड्याचे सभागृह पुरते. शहरातील रस्ते, दिवे, जिने हेच तिचे नेपथ्य असते. तथापि याच सोयीतून एक अडचणही उद्भवते. त्याच रस्त्यावरून खेळाशी संबंध नसलेली माणसेही जात असतात. रात्री अकरा वाजता कोपऱ्यावर उभे राहून दोघे जण एखाद्याला ठार करण्याचा बेत रचत असतील, तर तो खेळ आहे हे वाटसरूला कसे कळावे?

'द मास्करेड'च्या रचनेने या अडचणीवर शोधलेला उपाय मोठा कुशल होता. हा उपाय कथेतच दडलेला होता. या काल्पनिक विश्वातील रक्तपिशाच शतकानुशतके मानवी समाजात लपून राहतात. आपले अस्तित्व माणसांना कळू द्यायचे नाही, हा त्यांच्या सहा परंपरागत नियमांपैकी पहिला नियम असून त्यालाच 'मास्करेड', म्हणजे मुखवटा, असे नाव आहे. नियम मोडणाऱ्यास शहराचा अधिपती मृत्युदंडही देऊ शकतो. परिणामी बाहेरचा माणूस जवळ येताच खेळाडू आवाज खाली आणतो, विषय बदलतो, साधा नागरिक असल्यासारखा वागतो, आणि असे करताना तो भूमिकेतून बाहेर पडत नाही, उलट अधिक चोखपणे भूमिका वठवतो. मराठी वाचकाला येथे बहुरूप्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र बहुरूपी आपले सोंग चारचौघांत मिरवतो आणि शेवटी बिदागी मागतो. येथे चारचौघांना काही कळले, तर सोंग फसले असे मानले जाते.

मूळ खेळ टेबलाभोवती बसून खेळावयाचा होता. मार्क राइन-हेगन यांनी रचलेला 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा खेळ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंडियाना राज्यातील गॅरी या शहरातून प्रवास करताना आपल्याला त्याची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. गॅरी हे पोलादाच्या कारखान्यासाठी १९०६ मध्ये वसवलेले शहर. पोलाद उद्योगाला उतरती कळा लागल्यावर तेथील वस्त्या ओस पडल्या. ओसाड इमारती आणि बंद पडलेल्या भट्ट्या यांच्या त्या दृश्यातून या विश्वाचा रंग ठरला. जग आपलेच, शहरेही आपलीच, पण थोडी अधिक काळोखी आणि अधिक भ्रष्ट. तोपर्यंतच्या बहुतेक भूमिकाखेळांत खेळाडू राक्षसाला मारत असे. येथे तो स्वतःच राक्षस होता. प्रत्येक पात्राच्या माणुसकीची मोजदाद गुणांकांत केली जाई. क्रूर कृत्य केले की गुणांक घसरण्याची शक्यता निर्माण होई आणि तो शून्यावर आला की पात्र पूर्णतः पशू बनून खेळाडूच्या हातून निसटे. या खेळातील भय आहे ते हेच. अंधारातून कोण येईल यापेक्षा, भूक लागल्यावर आपण काय करून बसू, ही धास्ती खेळाडूला अधिक असते.

एखाद्या शहरातील खेळाची रात्र साधारणपणे पुढीलप्रमाणे पार पडते. महाविद्यालयाची खोली, समाजमंदिर, उपाहारगृहाची मागील बाजू किंवा कोणाचे तरी घर, अशा ठिकाणी वीस-तीस जण जमतात. खेळ चालवणारी व्यक्ती, जिला मराठीत सूत्रधार म्हणणेच योग्य ठरेल, प्रथम सर्वांना सुरक्षिततेचे नियम ऐकवते आणि मागील भेटीनंतर कथेतील शहरात काय काय घडले, याचा वृत्तांत देते. त्यानंतर खेळ सुरू झाल्याची घोषणा होते. शहराचा अधिपती 'प्रिन्स' या नावाने ओळखला जातो. त्याचा दरबार ज्या जागी भरतो, तेथे हिंसेस पूर्ण बंदी असते. शहरात नव्याने आलेल्या प्रत्येक पिशाचाने त्याच्यासमोर हजर होऊन स्वतःची ओळख देणे बंधनकारक असते. नवे पिशाच निर्माण करावयाचे असल्यास त्याचीच अनुमती लागते. अधिपतीची मर्जी सांभाळणारे, त्याच्याविरुद्ध कट रचणारे, दोन्हीकडून लाभ घेणारे असे गट पडतात. हे गट कुळांप्रमाणेही विभागलेले असतात. व्हेन्ट्रू कुळातील पिशाच धनाढ्य व सत्ताकांक्षी, टोरिअडोर कलासक्त, ब्रुहा बंडखोर, तर नॉस्फेराटू इतके विद्रूप की मुखवट्याचा नियम पाळण्यासाठी त्यांना गटारांतच राहावे लागते आणि म्हणूनच शहरातील सर्वांची गुपिते त्यांच्यापाशी असतात.

रक्त पिण्याचा अभिनय प्रत्यक्षात क्वचितच होतो. बहुतांश खेळांत रक्त म्हणजे कागदावर लिहिलेले गुण असतात व ते कसे मिळवले, हे खेळाडू सूत्रधारास शब्दांत सांगतो. रात्रीचा बहुतेक वेळ बोलण्यातच जातो. या दरबारातील खरे चलन म्हणजे उपकार. एकाने दुसऱ्याचे गुपित राखले, तर ते लहानसे देणे ठरते. प्राण वाचवले, तर देणे सर्वांत मोठे असते आणि ते फेडण्यासाठी कथेतील अनेक वर्षे जावी लागतात. कोण कोणाचे देणे लागतो याची नोंद ठेवली जाते आणि देणे नाकारणाऱ्याची दरबारात पत उरत नाही. अनेक जुने खेळाडू लढायांपेक्षा या देण्याघेण्याच्या राजकारणासाठीच वर्षानुवर्षे येत राहिले. रक्तपिशाचांच्या खेळातील सर्वांत भीतीदायक प्रसंग बहुधा एखाद्याने सौजन्यपूर्वक जुन्या उपकाराची आठवण करून देण्याचा असतो, ही बाब बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रत्यक्ष झटापटीचा प्रसंग आल्यास काय करावयाचे, याचे उत्तरही साधे होते. 'दगड, कागद, कात्री' हा मुलांचा खेळ. प्रत्येक पात्राच्या अंगी काही विशेषणे नोंदलेली असतात, उदाहरणार्थ चपळ, बळकट, चाणाक्ष, रुबाबदार. समोरच्याच्या हातातील पत्र हिसकावू इच्छिणारा खेळाडू आपले 'चपळ' हे विशेषण वाक्यात गुंफून आव्हान देतो. प्रतिस्पर्धी आपले एखादे विशेषण पणाला लावून ते स्वीकारतो. मग दोघेही हाताने दगड, कागद किंवा कात्री दाखवतात. हरणारा पणाला लावलेले विशेषण गमावतो. बरोबरी झाल्यास ज्याच्यापाशी अधिक विशेषणे शिल्लक असतील, तो सरस ठरतो. अमानवी ताकद असलेल्या पात्रांना 'बॉम्ब' ही चौथी खूणही वापरता येत असे. ती दगड व कागद यांना हरवी, परंतु कात्रीपुढे हरत असे. छातीवर दोन्ही हात दुमडून चालणारा खेळाडू अदृश्य आहे असे समजण्यात येई आणि इतर जण त्याच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करीत.

या व्यवस्थेत कोणी कोणाला स्पर्श करीत नसे. अंगाला हात लावू नये, खरी अथवा खोटी शस्त्रे आणू नयेत, मद्य व अमली पदार्थ घेऊन खेळू नये, हे नियम सुरुवातीपासून निक्षून सांगितलेले होते. त्यामुळे खेळ सार्वजनिक जागी नेता येऊ लागला. दोषही होताच. वीस जण एकाच वेळी भांडणात उतरले की कथेतील काही क्षणांचा हिशेब करण्यात खोलीतील तासभर जाई आणि भयाचे वातावरण पार विरून जाई. तरीही खेळ पसरत गेला. खिशात मावणारी 'लॉज ऑफ द नाईट' ही आवृत्ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली. त्याच दशकात 'द कॅमरिला' या मंडळाच्या आणि 'वन वर्ल्ड बाय नाईट' या जाळ्याच्या रूपाने विविध शहरांतील खेळ एकमेकांशी जोडले गेले. एका शहरातील पात्र दुसऱ्या शहरात प्रवासास जाऊ शके आणि तेथील अधिपतीपुढे त्याला नियमानुसार हजर व्हावे लागे. प्रकाशनसंस्थेने २००४ मध्ये कथेतील जगाचा अंतच घडवून ती माला संपवली व 'व्हॅम्पायर : द रेक्वीम' हा नवा खेळ आणला. अनेक मंडळांनी मात्र जगाचा अंत मान्य केला नाही आणि ती जुन्याच कथेत खेळत राहिली. २०१३ मध्ये 'बाय नाईट स्टुडिओज'ने त्याच जुन्या विश्वासाठी नवे नियमपुस्तक काढले.

या खेळांविषयी अमेरिकी समाजात साशंकता होतीच. तिचे मूळ टेबलावरच्या खेळांपर्यंत जाते. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा विद्यापीठाखालील वाफेच्या नळांच्या भुयारांत तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना हरवला असावा, असा तर्क वृत्तपत्रांतून पसरला. प्रत्यक्षात तो मानसिक त्रासातून निघून गेला होता व खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तथापि तो तर्कच लोकांच्या स्मरणात राहिला. खेळात गुंतून वास्तवाचे भान गमावणाऱ्या तरुणाची कथा सांगणारा, टॉम हँक्स यांची भूमिका असलेला 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' हा दूरचित्रवाणी चित्रपट १९८२ मध्ये दाखवण्यात आला.

पुढील प्रकरण इतके सहज बाजूला सारता येण्याजोगे नाही. २५ नोव्हेंबर १९९६ रोजी फ्लोरिडा राज्यातील युस्टिस या गावात एका दांपत्याची राहत्या घरी हत्या झाली. केंटकी राज्यातील मरे या गावचा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साथीदार काही दिवसांतच लुइझियानातील बॅटन रूज येथे पकडले गेले. मृत दांपत्याची मुलगीही त्यांच्यासोबत निघून गेली होती. तिच्यावर मात्र हत्येचा आरोप ठेवण्यात आला नाही. मुख्य आरोपी स्वतःला शेकडो वर्षांचा रक्तपिशाच म्हणवीत असे आणि पूर्वी तो रक्तपिशाचांच्या भूमिकाखेळात सहभागी झालेला होता. १९९८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याला देहदंड सुनावण्यात आला आणि फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये त्याचे रूपांतर जन्मठेपेत केले.

या टोळीत प्रत्यक्ष रक्त पिण्याचे प्रकार चालत असत. खेळात स्पर्शदेखील निषिद्ध होता, हे लक्षात घेता या दोहोंतील अंतर उघड आहे. हजारो तरुण तोच खेळ खेळून दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसत होते, हेही खरे आहे. पण केवळ तेवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. आरोपीने स्वतःविषयी रचलेल्या कल्पनेस शब्द, पदव्या आणि दरबारी थाट मिळाला, त्याला या विश्वाने हातभार लावलाच नाही असे म्हणता येत नाही. खेळाडू मंडळांनी त्यानंतर खेळ केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो याची स्पष्ट घोषणा, वयाची अट, पालकांची संमती अशा बाबींवर अधिक भर दिला. एखाद्याने खेळ संपल्यावरही पात्राच्याच नावाने वावरणे हे कौतुकाचे नव्हे, तर काळजीचे लक्षण आहे, असे सूत्रधारांना वाटू लागले.

भयकथेचा एक हलकाफुलका प्रकारही याच सुमारास लोकप्रिय झाला. मेरीलँडमधील गाउचर महाविद्यालयात २००५ मध्ये 'ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज' हा खेळ सुरू झाला. 'माणसे' दंडाला पट्टी बांधतात, 'झॉम्बी' डोक्याला. झॉम्बीने स्पर्श केला की माणूसही झॉम्बी होतो. ठरावीक मुदतीत सावज न मिळालेला झॉम्बी उपासमारीने बाद होतो. भूमिका वठवणे येथे फारसे नसते. आपल्याकडील शिवाशिवीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. तो वर्गांदरम्यान, दिवसाढवळ्या, कित्येक दिवस चालतो आणि इतर विद्यार्थ्यांना वगळून खेळण्याची सोय त्यात नाही. खेळण्यातील बंदुका हा म्हणूनच कळीचा मुद्दा ठरला. विद्यापीठांच्या आवारात खऱ्या गोळीबाराच्या घटना घडत असलेल्या देशात प्लॅस्टिकची बंदूक घेऊन धावणारा विद्यार्थी दुरून कसा दिसेल, हा प्रश्न वाजवी होता. काही ठिकाणी बंदुकांना मनाई होऊन गुंडाळलेले मोजे फेकण्याची पद्धत रूढ झाली.

दरम्यान उत्तर युरोपात लार्पचा विचार निराळ्या दिशेने चालला होता. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड येथील रचनाकारांचे 'क्नुटेपुंक्ट' हे संमेलन १९९७ मध्ये ऑस्लो येथे सुरू झाले व पुढे या चार देशांत आळीपाळीने भरत राहिले. गुणांची बेरीज-वजाबाकी कमीत कमी ठेवावी, खेळाडूने प्रसंग शरीराने व मनाने अनुभवावा, जिंकण्यापेक्षा कथा रंगवण्यासाठी प्रसंगी जाणूनबुजून हरावे, असे विचार तेथे मांडले गेले. २०१६ मध्ये हेलसिंकी येथे झालेला 'एंड ऑफ द लाइन' हा लार्प या परंपरेतून 'व्हॅम्पायर'च्या विश्वाकडे आला. त्यात बेकायदा नृत्यमेजवानीत जमलेली माणसे व त्यांच्यावर टपलेले पिशाच अशा भूमिका होत्या. मे २०१७ मध्ये बर्लिन येथे झालेल्या 'एनलाइटनमेंट इन ब्लड'मध्ये फ्रीडरिक्सहाइन भागातील अनेक जागा एकाच रात्री वापरण्यात आल्या आणि खेळाडू एका ठिकाणाहून दुसरीकडे शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवरूनच चालत गेले.

अशा खेळांत दगड-कागद-कात्री नसते आणि ठरवून केलेला स्पर्शही वर्ज्य नसतो. पिशाच खरोखरच सावजाच्या गळ्याशी वाकतो. साहजिकच 'हात लावू नये' या एका वाक्यावर भागत नाही. खेळापूर्वी काही तास सरावात जातात. कोणाला काय चालेल व काय चालणार नाही, हे दोघांनी भूमिकेबाहेर येऊन आधी ठरवावे लागते. चालू प्रसंगात समोरच्याची अवस्था खरीच बिकट झाली आहे की तो अभिनय आहे, हे न कळल्यास अंगठा व तर्जनी जुळवून खूण केली जाते. उत्तरादाखल अंगठा वर आला तर खेळ पुढे चालू राहतो. अंगठा आडवा वा खाली असेल, तर तो थांबवून विचारपूस केली जाते. डोळ्यांवर हात धरून निघून जाणाऱ्या खेळाडूला कोणीही अडवत नाही आणि कारणही विचारत नाही. खेळ जितका उत्कट, तितक्या त्याच्या बाहेरच्या वाटाघाटी बारकाईच्या, असा अनुभव रचनाकारांना आला. नवख्या माणसाला त्या वाटाघाटी रुक्ष वाटतात खऱ्या. पण संकोची खेळाडूला नकार देण्यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत, हा त्यांचा लाभ मोठा आहे.

तोपर्यंत या विश्वाची मालकी दोनदा बदलली होती. २००६ मध्ये 'व्हाइट वुल्फ' आइसलँडच्या 'सीसीपी' या संगणकखेळ संस्थेत विलीन झाली. तिने आखलेला मोठा ऑनलाइन खेळ बराच काळ रखडून एप्रिल २०१४ मध्ये रद्द झाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीडनच्या 'पॅराडॉक्स इंटरअ‍ॅक्टिव्ह'ने हे हक्क विकत घेतले. नव्या मालकाच्या काळात २०१८ मध्ये 'व्हॅम्पायर'ची पाचवी आवृत्ती निघाली. कथेतील अंधार आजच्या जगातील घडामोडींशी अधिक जवळून जोडण्याचा तीमागे मानस होता.

त्याच वर्षी निघालेल्या 'कॅमरिला' या पूरक पुस्तकात तो मानस अंगलट आला. रशियातील चेचन्या प्रजासत्ताकात समलिंगी पुरुषांना डांबून त्यांचा छळ केला जात असल्याच्या बातम्या २०१७ मध्ये जगापुढे आल्या होत्या. पुस्तकाने या छळाचा वापर कथानकातील आडपडदा म्हणून केला होता. तो सारा प्रकार म्हणजे तेथे राज्य करणाऱ्या रक्तपिशाचांनी जगाचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी केलेली योजना, असे त्यात दाखवले होते. जिवंत माणसांवर होत असलेल्या अत्याचाराचा दोष काल्पनिक पिशाचांच्या माथी मारून खऱ्या अपराध्यांना मोकळे सोडले जात आहे, असा आक्षेप सर्वप्रथम खेळाडूंमधूनच आला. चेचन्यातील अधिकाऱ्यांनीही निषेध केला, अर्थात त्यांची कारणे वेगळी होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रकाशकांनी माफी मागून पुस्तकाची विक्री थांबवली आणि 'व्हाइट वुल्फ'चे स्वतंत्र कामकाज बंद करून ते मूळ कंपनीत सामावून घेण्यात येत असल्याचे जाहीर केले. चेचन्याविषयीचा मजकूर वगळून ते पुस्तक नंतर पुन्हा विक्रीस आणण्यात आले.